फाटे कमी कर, पण गोष्ट पुरी कर

पत्र

काका, नमस्कार. मी सेलूची, वय २२. बी.ए. झालं, सध्या एका सेवा केंद्रात सातबारा, उत्पन्नाचे दाखले असली ऑनलाइन कामं करते. मागं रद्दीच्या दुकानात मला एक इंग्रजी गेमबुक सापडलं. ‘दार उघडायचं असेल तर १४७ वर जा, पळायचं असेल तर ३०२ वर जा’ असलं. तेव्हापासून नाद लागला. आता मी मराठीत तसंच लिहायलेय. गोष्ट दौलताबादच्या किल्ल्यातली. शाळेच्या सहलीत तिथली अंधारी, म्हणजे किल्ल्यातलं काळोखं भुयार, पाहिली होती, ती डोक्यातून गेलीच नाही. तीन वह्या भरल्या, दोनशेच्या वर परिच्छेद झाले, तरी गोष्ट निम्मीही सरली नाही. एकेका फाट्याला दोन-दोन नवे फाटे फुटायलेत.

धाकटी बहीण सातवीत आहे. तिला वाचायला दिलं तर म्हणाली, “ताई, मी पोरगी आहे ना, मग ‘तू घाबरलास, तू पळालास’ का लिहिलंस? आणि मी सारखी मरतेच!” ऑनलाइन ओळख झालेला एक मित्र म्हणतो, मराठीत हे कोण खेळणार, इंग्रजीत लिही, तिकडं याच्या स्पर्धा असतात. शिवाय खरं इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणजे आज्ञा टाइप करून खेळायचं, हे पानं उलटणं पोरासोरांचं. बाबा म्हणतात, “काय लेकरावानी वह्या भरायलीस, परीक्षेचा अभ्यास कर.” इथं या नादाचं दुसरं कुणी नाही. लिहू की सोडू?

– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर

ताई, सोडू नकोस. मराठीतच लिही, आणि हीच गोष्ट लिही. पण ती आत्ता जशी वाढते आहे तशीच वाढत राहिली तर कधीही पुरी होणार नाही. तुझ्या पत्रातली खरी अडचण मला ही वाटते. बाबा आणि मित्र यांच्याकडं नंतर येऊ.

साधा हिशोब करून बघ. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी दोन पर्याय आहेत आणि एकदा फुटलेली वाट पुन्हा कुठल्याच वाटेला मिळत नाही, असं धर. दहा निवडी झाल्या की गोष्टीचे शेवटच १०२४ होतात. तिथवरचे सगळे परिच्छेद मोजले तर २०४७. त्यातले तुझी बहीण एका खेपेला फक्त अकरा वाचणार. दोनशेच्या वर परिच्छेद लिहूनही तू अजून सहाव्या-सातव्या निवडीपाशीच घुटमळत असशील, ते यामुळंच. तुझी मेहनत कमी पडलेली नाही. या पद्धतीनं कुणीही लिहिलं तरी हेच होतं.

स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे गेमबुक १९८२ मध्ये आलं. त्यात परिच्छेद फक्त ४००, तरी एका खेपेला पोट भरेल एवढी सफर होते, कारण तिथल्या वाटा फुटतात तशा पुन्हा एकमेकींना मिळतात. सॅम काबो ॲशवेल यांनी २०१५ मध्ये निवडीच्या गोष्टींचे नेहमीचे आराखडे एका लेखात मांडले होते. नुसत्याच फुटत जाणाऱ्या आराखड्याला ते ‘टाइम केव्ह’ म्हणतात. ‘चूज युवर ओन ॲडव्हेंचर’ मालिकेतलं एडवर्ड पॅकर्ड यांचं १९७९ चं पहिलं पुस्तक ‘द केव्ह ऑफ टाइम’ याच धर्तीचं होतं आणि हे नाव त्यावरूनच आलं. दुसऱ्या एका आराखड्याला ते ‘ब्रँच अँड बॉटलनेक’ म्हणतात. त्यात वाटा फुटतात, पण काही ठरलेल्या घटनांपाशी सगळ्यांना एकत्र यावंच लागतं. तुला हा दुसरा आराखडा घ्यायचा आहे.

आणि तो तुला शोधावाही लागणार नाही, कारण तू निवडलेला किल्लाच त्या आराखड्यावर बांधलेला आहे. देवगिरीचा डोंगर खालून चहूबाजूंनी तासून उभा कडा केलेला. कड्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक. जुन्या वाटेनं वर जायचं तर खंदक एकाच जागी, पुलावरून, ओलांडायचा, मग अंधारीत शिरायचं, आणि अंधारीतून बाहेर पडल्यावरच बालेकिल्ला. ज्यांनी तो बांधला त्यांनी शत्रूच्या सगळ्या वाटा मुद्दाम एका वाटेत आणून सोडल्या. तूही वाचकाच्या सगळ्या वाटा तशाच पुलावर आणून सोड.

पुलाच्या अलीकडं मात्र वाचकाला मनसोक्त हिंडू दे. तटांच्या आत चाँद मिनार आहे, हत्ती हौद आहे, चिनी महाल आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा याला १६८७ मध्ये राज्य गेल्यावर चिनी महालात कैदेत ठेवलं होतं आणि तो तिथंच वारला. तुझी गोष्ट त्या काळात बसत असेल तर त्या कैद्याशी बोलायचं की नाही, एवढा एक फाटासुद्धा मोठा होईल. इथं पाच-सहा वाटा असल्या तरी डोक्याला ताप नाही, कारण प्रत्येक वाट शेवटी पुलावर येते. वाचक पुलावर आला तेव्हा त्याच्याजवळ काय होतं, त्याला काय ठाऊक होतं, एवढाच फरक उरतो. पुढच्या अंधारात तोच फरक कामाला येतो.

हा फरक कागदावर कसा टिकवायचा? पुस्तकाला काही आठवत नाही, पण वाचकाला आठवतं. त्याला वहीच्या कोपऱ्यात एखादा शब्द लिहून ठेवायला सांग: ‘तेल’, ‘अंगठी’, ‘कैदी’. मग अंधारीत, ‘कोपऱ्यात तेल लिहिलं असेल तर ६१ वर जा.’ लबाडी करून पुढं जाणाऱ्या वाचकासाठी फायरटॉपमधली युक्ती फार चांगली आहे. तिथल्या चाव्यांवर आकडे असतात. शेवटची पेटी उघडायची तर त्या आकड्यांची बेरीज करून त्या क्रमांकाच्या परिच्छेदावर जायचं. ज्याला चाव्या सापडल्या नाहीत त्याला कुठं जायचं हेच कळत नाही. वाचकाच्या हातात खरोखरच एक गुपित येतं. मला ही कल्पना आजही नवी वाटते.

म्हणून पहिली पुरी गोष्ट साठ परिच्छेदांची कर. आधीचे दोनशे फेकू नकोस. त्यातले पुलाच्या अलीकडचे सगळ्यात जिवंत तीसेक निवडून घे, बाकीचे दुसऱ्या गोष्टीसाठी ठेव. एका मोठ्या कागदावर चौकटी आणि बाण काढ, आणि आधी सगळं क्रमानं लिही. सगळं जुळलं की चिठ्ठ्या टाकून क्रमांक बदल. नाहीतर ४१ वाचताना डोळा हमखास ४२ वर जातो आणि पुढचं आधीच कळतं.

आता बहिणीचं. तिच्या दोन्ही तक्रारी मला इतक्या नेमक्या वाटल्या की या पोरीला तू कायमची पहिली वाचक करून टाकावंस.

‘मी सारखी मरतेच’ याचं कारण बहुधा असं, की तू तिला डावीकडं की उजवीकडं एवढंच विचारतेस आणि एका बाजूला खड्डा ठेवतेस. तिला काहीच ठाऊक नसताना तिनं निवडायचं काय? ती फक्त नशीब आजमावते. मरण असू दे, दौलताबादच्या अंधारीत ते असायलाच हवं, पण त्याआधी एक खूण दे. अंधारीच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर सोडायची सोय होती. तुझ्यासाठी यातच खूण तयार आहे. एका बाजूची भिंत हाताला कोमट लागते, तिथं वटवाघळं नाहीत, घशात किंचित खवखवतं. दुसऱ्या बाजूनं ओला, गार वारा येतो. एवढं सांगून मग विचार कुठं जायचं. ती मेली तरी तिच्या तोंडून ‘अगं, भिंत कोमट होती की!’ असं निघालं पाहिजे, म्हणजे ती पुन्हा पहिल्या पानावर जाईल.

‘घाबरलास’ची तक्रार याहून मोठी आहे. या पुस्तकांचा सगळा जीव ‘तू’मध्ये असतो. ‘तू’ म्हणजे वाचणारी स्वतः. ते ‘तू’ दुसऱ्याच कुणाचं आहे असं तिला वाटलं की खेळ तिथंच मोडला. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना क्रियापदात लिंग सांभाळावं लागत नाही, त्यामुळं त्यांची पुस्तकं वाचून हे शिकता येणार नाही. आपल्याकडं जातोस-जातेस, गेलास-गेलीस, आपल्या बोलीतही करायलास-करायलीस. जिथं जाशील तिथं हे आडवं येतं.

पण मराठीनं सुटकेच्या वाटाही ठेवल्या आहेत आणि त्या तुला रोज वापरता येतील. ‘तू दार उघडलंस’, ‘तू दोरी कापलीस’, ‘तू दगड उचललास’ ही वाक्यं बघ. क्रियापद इथं दार, दोरी आणि दगड यांच्या मागं चाललं आहे, करणारा मुलगा की मुलगी याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे भूतकाळात वाचकाच्या हाताला काहीतरी दिलंस की प्रश्न मिटतो. ‘पूल ओलांडशील तर’ हा भविष्यकाळ दोघांनाही चालतो. ‘ओलांड’, ‘थांब’, ‘कान दे’ या आज्ञाही चालतात. आणि ‘तू घाबरलास’च्या जागी ‘तुझ्या अंगावर काटा येतो’, ‘पायाखालचा दगड हलतो’, ‘मागून कुणाचा तरी श्वास ऐकू येतो’ असं लिही. ‘तू एकटा आहेस’ऐवजी ‘सोबत कुणी नाही’. सुरुवातीला हे पथ्य वाटेल. थोड्याच पानांत दिसेल की वर्णन आपोआप धारदार झालं आहे, कारण भीतीचं नाव घ्यायच्या ऐवजी तू ती अंगावर आणायला लागलीस.

‘तुम्ही आलात, तुम्ही जाता’ असं लिहिलं तरी बरंचसं निभतं, आणि मोठ्या वाचकांसाठी कुणी तसं लिहिलं तर माझी हरकत नाही. पण सातवीतल्या पोरीला अंधाऱ्या भुयारात ‘तुम्ही’ म्हटलं की ती लगेच बाहेर उभी राहून बघायला लागते. मी ‘तू’च ठेवीन. मुलासाठी एक आणि मुलीसाठी एक अशा दोन प्रती करायच्या फंदात अजिबात पडू नकोस.

मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्पर्धा आहेत आणि चांगल्या आहेत. सगळ्यात नावाजलेली वार्षिक स्पर्धा १९९५ पासून चालू आहे. परीक्षक म्हणजे सामान्य खेळणारेच, आणि कुठल्याही खेळाला दोन तासांपर्यंत खेळून गुण द्यायचे असा तिचा नियम आहे. त्यामुळं छोटी, पुरी झालेली गोष्ट लिहायची सवय तिथल्या लोकांना लागली. त्याच स्पर्धेत आज टाइप करायचे खेळ आणि निवडीचे खेळ शेजारी-शेजारी असतात, तेव्हा पोरासोरांचं असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

त्याला आणखी एक सांग. टाइप करून खेळायच्या प्रकाराची सुरुवात विल क्राउदर यांच्या ‘ॲडव्हेंचर’पासून झाली, साधारण १९७५-७६ मध्ये. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या प्रचंड मोठ्या गुहेचं मोजमाप करणाऱ्यांपैकी ते एक. त्या खऱ्या गुहेच्या वाटा त्यांनी खेळात घातल्या, आणि खेळ लिहिला तो आपल्या दोन लहान मुलींसाठी. पुढं १९७७ मध्ये डॉन वूड्स यांनी तो वाढवला आणि मग तो जगभर गेला. पाहिलेली जागा आणि घरातलं लेकरू, यातून हा सगळा प्रकार सुरू झाला. तुझ्याजवळ दोन्ही आहे.

मराठी टाइप करून खेळायचा खेळ हे मात्र वेगळं आणि अवघड काम आहे. ‘दिवा घे’ ठीक, पण ‘दिव्यात तेल घाल’ म्हटल्यावर दिवा आणि दिव्यात एकच, हे यंत्राला शिकवावं लागतं. ग्रॅहम नेल्सन यांच्या ‘इन्फॉर्म’ या, असे खेळ लिहायच्या संगणकभाषेसाठी स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन हौशींनी आपापल्या भाषेचं व्याकरण स्वतः लिहून काढलं. ते तू आत्ता हाती घेऊ नकोस.

या मंडळींकडून आपण घ्यायचं ते वेगळंच आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या लोकांनी १९७९ मध्ये काढलेली इन्फोकॉम ही या खेळांची सगळ्यात मोठी कंपनी १९८९ मध्ये बंद झाली. बाजार उठला. तरी हा प्रकार मेला नाही, कारण खेळणारेच लिहायला लागले. नेल्सन यांनी १९९३ मध्ये इन्फॉर्म फुकट देऊन टाकलं. लोक एकमेकांसाठी खेळ लिहायचे, फुकट वाटायचे, आणि प्रकाशित करण्याआधी एकमेकांचे खेळ खेळून चुका काढून द्यायचे. या तपासणाऱ्यांची नावं आभारात देण्याची रीत आजही आहे, आणि कुणालाच न दाखवता स्पर्धेत टाकलेला खेळ तिथं लगेच ओळखू येतो. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्यांची तर स्वतःची वार्षिक स्पर्धा आहे. त्यांनी इंग्रजीत लिहायला लागून आपला वाचक मिळवला नाही.

तू म्हणतेस इथं या नादाचं कुणी नाही. बहीण आहे की. तिच्या वर्गात आणखी पोरं आहेत. इंग्रजीत लिहिलंस तर दूरच्या कुणाची तरी चार ओळींची टिप्पणी मिळेल, तीही मोलाची असेल. पण या प्रकारात लेखकाला हवं असतं ते वाचकाशेजारी बसायला मिळणं, कारण निवड तो करतो, आपण नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊन निवडी होत नाहीत तोवर गेमबुक लिहून झालं असं मी मानतच नाही. ते शेजारी बसणं तुला सेलूत आणि मराठीतच मिळणार आहे. इंग्रजी आवृत्ती नंतर करता येईल, हवी तर मित्रालाच करू दे.

शेजारी बसायचं म्हणजे खरंच नुसतं बसायचं. बोलायचं नाही, समजवायचं नाही, ‘तिकडं जा ना’ म्हणायचं नाही. ती कुठं पानात बोट घालून ठेवते ते बघ, कारण तिथं तिला पुढचं धोक्याचं वाटलंय. कुठं न वाचताच पर्यायावर उडी मारते ते बघ, तिथला मजकूर लांबलाय. कुठं मागं येते, कुठं ‘हे काय?’ म्हणते, सगळं वेगळ्या कागदावर टिपून ठेव. तीन-चार पोरं झाली की काय बदलायचं ते तुझं तुलाच दिसेल. आणि पहिल्या पानावर त्यांची नावं आभारात घाल.

सेवा केंद्रात संगणक हाताशी आहे, तर कामाची वेळ संपल्यावर, मालकांना विचारून, ट्वाइन वापरून बघ. क्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये काढलेलं हे साधन फुकट आहे. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही जमतं. [[पूल ओलांड->अंधारी]] असं लिहिलं की दोन चौकटींमध्ये बाण आपोआप येतो, आणि एखादा फाटा कुठंच पोचत नसेल तर तेही नकाशात दिसतं. वही जुळवायलाच त्याचा मोठा उपयोग आहे. शेवटी एकच एचटीएमएल फाइल तयार होते. ती मोबाइलच्या ब्राउझरमध्ये नेट नसतानाही उघडते. एक काळजी घे: युनिकोडमध्येच टाइप कर. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर तिथं अक्षरांचा कचरा होऊन दिसेल. पण कागदी प्रतही काढ. साठ परिच्छेद जेरॉक्स करून, स्टेपल मारून हातोहात देता येतात, आणि बोट घालून ठेवायला पान लागतं.

बाबांचं म्हणशील तर, त्यांची काळजी खोटी नाही. हा नाद घर चालवेल असं मी तुला सांगणार नाही. इंग्रजीतही यावर पोट भरणारे थोडेच आहेत. परीक्षेचा अभ्यास ठरल्या वेळी कर आणि वहीला रात्रीचा एक तास दे, तोही त्यांना सांगून. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एकदा त्यांनाच वाचक कर. ‘बाबा, तुम्ही पुलावर उभे आहात, मागून मशाली यायल्यात, काय करता?’ असं विचार आणि त्यांनी सांगितलेल्या परिच्छेदावर जाऊन पुढचं वाचून दाखव.

मुदत हवीच, नाहीतर साठाचे परत दोनशे होतील. दिवाळीची सुट्टी धर. शाळा बंद झाली की पोरं रिकामी असतात, तेव्हा त्यांच्या हातात पडेल अशा बेतानं वही पुरी कर. त्याच्या महिनाभर आधी नवा फाटा काढणं बंद, त्यानंतर फक्त जुळवणी आणि तपासणी. मुदतीला बालेकिल्ल्यावरचे तीनच शेवट तयार असतील तर तीन ठेव. चौथा सुचला तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, या खेपेला आत घालू नकोस. तयार झाली की एक प्रत मलाही पाठव. मी कोपऱ्यात शब्द लिहीत लिहीत खेळीन आणि अडलेल्या जागा त्याच कागदावर लिहून परत धाडीन.